सस्पेंशन रिबिल्ड: सात आठवड्यांचं काम, मापांसकट

ब्रेक लावला की मोटरसायकलचं नाक खाली जायचं. धारदार कडेवरून गेलं की हँडलला हिसका बसायचा. वेगात वळण घेताना मागची बाजू दोन-तीनदा डुलून मग शांत व्हायची. या तिन्ही तक्रारींवर कुणालाही विचारलं तरी एकच उत्तर मिळतं, तेल बदला आणि ऑइल सील बदला. ते करावं लागतंच. पण तिन्ही तक्रारींची मुळं वेगवेगळी निघाली आणि त्यातलं एकच तेलाशी जोडलेलं होतं. त्यासाठी काय मोजलं, काय उघडलं, कुठे अडलं आणि किती दिवस गेले, ते क्रमाने लिहितो आहे.

गाडी 11 वर्षांची, 62,000 किलोमीटर चाललेली, वजन 150 किलो. पुढे 37 मिलिमीटर पाइपचा साधा डॅम्पर-रॉड फोर्क (आतल्या भोकं असलेल्या दांड्यातून तेल ढकलून हालचाल आवरणारा), त्याची चाल, म्हणजे दबण्याची एकूण मर्यादा, 130 मिलिमीटर. मागे लिंकेजवरचा (जोडदांड्यांवर बसवलेला) नायट्रोजन भरलेला मोनोशॉक, म्हणजे एकच शॉक, त्याला रिबाउंडचा, म्हणजे दबून परत वर येण्याचा वेग ठरवणारा स्क्रू. चालवणाऱ्याचं वजन हेल्मेट, जॅकेट आणि बुटांसकट 86 किलो. हे आकडे आधीच देतो, कारण पुढचा सगळा हिशेब यांच्यावरच उभा आहे. तुमचं वजन किंवा फोर्क वेगळा असेल तर माझे आकडे उचलू नका, पद्धत घ्या.

पहिला आठवडा पूर्ण मोजण्यात गेला. एकही नट सैल केला नाही. सॅग म्हणजे वजनाने सस्पेंशन किती खाली बसतं ते माप. तो मोजायला तीन माणसं लागतात: एक बसायला, एक गाडी तोलायला, एक टेप धरायला. पुढचं चाक पूर्ण अधांतरी करून डस्ट सीलपासून खालच्या यॉकपर्यंत (फोर्कचे दोन्ही पाइप धरणाऱ्या जोडापर्यंत) उघडा पाइप मोजला, तो 152 मिलिमीटर भरला. मग पूर्ण पोशाखात बसून फोर्क हाताने खाली दाबला आणि सावकाश वर येऊ दिला. थांबला तिथे माप 98. नंतर हँडल वर उचलून सावकाश खाली सोडलं, तेव्हा 106. या दोन मापांची सरासरी 102, म्हणजे सॅग 50 मिलिमीटर. 130 च्या चालीत हे 38 टक्के होतं. रस्त्यावरच्या गाडीला चालीच्या 25 ते 30 टक्के, म्हणजे इथे 33 ते 39 मिलिमीटर सॅग हवा.

98 आणि 106 मधला 8 मिलिमीटरचा फरकही लिहून ठेवा. बहुतेक जण फक्त सरासरी काढून मोकळे होतात. हा फरक म्हणजे फोर्कमधलं घर्षण: बुश (पाइप ज्यांवर सरकतो त्या कड्या), सील, वाकलेला पाइप किंवा तिरपा बसलेला एक्सल. फोर्क पुन्हा जोडल्यावर काम नीट झालं की नाही हे सगळ्यात आधी याच आकड्यावरून कळतं. पुढे मला त्याचाच उपयोग झाला.

मागे एक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टी लावून मोजलं. चाक अधांतरी असताना 548, बसल्यावर 505 आणि 509. सॅग 41, हवा होता 30 ते 35.

आता स्प्रिंगकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. पहिला गैरसमज असा की जुनी स्प्रिंग मऊ होते. ती मऊ होत नाही, ती बसते. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यांवर ठरतो. वर्षं गेली म्हणून यातलं काहीच बदलत नाही. बदलते ती लांबी. माझ्या स्प्रिंगा मॅन्युअलमधल्या नव्या लांबीपेक्षा 6 मिलिमीटरने आखूड भरल्या, म्हणजे तेवढा प्रिलोड, म्हणजे भार येण्याआधीच स्प्रिंगेला दिलेला दाब, कमी झाला होता. कडकपणा मोजायला ड्रिल प्रेसखाली डिजिटल वजनकाटा ठेवला, त्यावर स्प्रिंग उभी केली आणि दाबत गेलो. 20 मिलिमीटरला 12.5 किलो, 40 ला 25, 60 ला 37. म्हणजे मिलिमीटरला साधारण 0.62 किलो. स्प्रिंग निसटून उडू शकते, म्हणून आतून एक दांडा घालूनच हे करा. वाहनासोबत आलेल्या पुष्कळ स्प्रिंगांत वेढे एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतात. अशा स्प्रिंगेचा कडकपणा दाबताना बदलत जातो, तेव्हा निदान तीन ठिकाणी माप घ्या.

दुसरा गैरसमज, प्रिलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते. होत नाही. समजा जुन्या 0.62 च्या स्प्रिंगांवरच स्पेसर (स्प्रिंगेला वरून दाबणारी नळी) लांब करून सॅग 50 वरून 35 वर आणला असता. बसल्यावर माप बरोबर दिसलं असतं. पण रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने 25 ऐवजी जेमतेम 10 मिलिमीटर खाली बसली असती, म्हणजे उंचवट्यानंतर चाकाला खाली उतरून रस्त्याला चिकटायला जागाच उरली नसती. आणि ब्रेकचं काय? ब्रेक लावल्यावर पुढे 60 किलोचा जादा भार आला असं धरा. दोन्ही पायांच्या मिळून 1.24 किलो प्रति मिलिमीटर स्प्रिंगा अजून 48 मिलिमीटर दबणार, प्रिलोड कितीही असो. तेच 0.85 च्या स्प्रिंगा घातल्या तर 35. नाक खाली जाण्याचं उत्तर स्प्रिंग बदलण्यातच होतं.

हिसक्याचं कारण वेगळं. डॅम्पर-रॉड फोर्कमध्ये चाक वर येताना तेल ठरावीक भोकांतून ढकललं जातं. भोकाचं आकारमान बदलत नाही, त्यामुळे विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट. सावकाश हालचालीत फोर्क मऊ, धारदार कडेवर दगड. नुसतं घट्ट तेल घातलं तर हिसका वाढतो, पातळ घातलं तर फोर्क झोके घेतो. यावर उपाय म्हणजे एम्युलेटर. रॉडच्या डोक्यावर बसणारी ही स्प्रिंगवाली झडप दाब वाढला की उघडते आणि तेलाला वाट देते. पूर्ण कार्ट्रिज फोर्क बसवण्याच्या तुलनेत याचा खर्च बराच कमी आणि बाकीचा फोर्क तोच राहतो.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी ऑर्डर दिली: 0.85 च्या एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगा, एम्युलेटरची जोडी, दोन्ही बाजूंचे ऑइल सील, डस्ट सील, चारही बुश, तळाच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर, वरच्या कॅपचे ओ-रिंग. पार्ट नंबर लावताना एक लक्षात ठेवा. जुन्या गाड्यांचे नंबर मध्येच बदललेले असतात आणि जुना नंबर टाकला तर ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. नवा पर्यायी नंबर विचारा, आणि फक्त मॉडेलच्या नावावर विसंबू नका, सीलचं माप लिहून द्या. मी दिलं नव्हतं. आले ते सील 37×49×8 चे, हवे होते 37×50×11 चे. बदलून यायला 9 दिवस गेले. माप जुन्या सीलवरच छापलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. पण ते वाचायला सील बाहेर काढावा लागतो, म्हणून ऑर्डर देण्याआधी मॅन्युअल किंवा पार्ट कॅटलॉग बघा.

दुसऱ्या आठवड्यात मागचा शॉक काढला. गाडी फ्रेमवर उचलायची, स्विंगआर्मवर नाही, म्हणजे शॉकवरचा भार सुटतो. काढण्याआधी रिबाउंडचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून क्लिक मोजले, 11 आले. प्रिलोडच्या कॉलरवरचे दिसणारे आटेही मोजून लिहिले. लिंकेजचे निडल बेअरिंग त्याच वेळी उघडले. एकात ग्रीस वाळून तपकिरी पूड झाली होती आणि बुशवर गंजाच्या रेघा होत्या. तो बुश आणि बेअरिंग बदलले. मागची बाजू अडखळत असेल तर शॉकला दोष देण्याआधी हे सांधे बघा. बहुतेक गाड्यांत इतक्या वर्षांत ते कुणी उघडलेले नसतात.

शॉक स्वतः उघडला नाही आणि तुम्हीही उघडू नका. आत दाबाखाली नायट्रोजन असतो, तो नीट न सोडता सर्कलिप (भाग अडवून धरणारी तारेची कडी) काढली तर भाग गोळीसारखे बाहेर येतात. पुन्हा भरायला नायट्रोजनची बाटली, रेग्युलेटर आणि तरंगत्या पिस्टनची अचूक खोली लागते. त्यात साधी हवा भरून चालत नाही, तिच्यात ओलावा असतो आणि तापल्यावर दाब हवा तसा राहत नाही. हा दाब असतो तो तेलात फेस होऊ नये म्हणून. पिस्टन वेगाने सरकला की त्याच्या मागे दाब घटतो, तिथे बुडबुडे धरतात आणि डॅम्पिंग, म्हणजे झोके आवरण्याची ताकद, निघून जातं. वळणावर डुलण्याचं कारण हेच होतं. जिथे शॉक दिला तिथे तो उघडल्यावर नायट्रोजन जवळपास संपलेला आणि तेल काळं, पाण्यासारखं पातळ निघालं.

शॉक देताना एक कागद मागून घ्या आणि त्यावर लिहून घ्या: कोणते भाग बदलले, कोणतं तेल, नायट्रोजनचा दाब किती, शिमची (पिस्टनवरच्या पातळ चकत्यांची) रचना बदलली का, रिबाउंड किती क्लिकवर ठेवला. जुने भाग परत द्यायला सांगा. माझ्या कागदावर सील हेड, पिस्टनची पट्टी, ओ-रिंग, बंप रबर आणि 10 बार दाब अशी नोंद आहे, शिमला हात लावला नाही. शाफ्टवर ओरखडा असता तर तो पुन्हा क्रोम करून घ्यावा लागला असता आणि त्याला वेगळे दिवस गेले असते. शॉक 19 दिवसांनी परत आला. सगळ्या कामात सर्वांत मोठा खर्च या एका शॉकचा होता, त्याखालोखाल स्प्रिंगा आणि एम्युलेटर. सील, बुश आणि तेल मिळून सगळ्यात कमी.

तिसऱ्या आठवड्यात फोर्क उघडला. वरची कॅप फोर्क गाडीवर असतानाच एक-दोन फेरे सैल करायची, पण त्याआधी वरच्या यॉकचा क्लॅम्प सैल करा, नाहीतर आट्यांवर दाब राहून कॅप अडकते. पूर्ण उघडताना वरून तळहाताने दाबून धरा. खाली दबलेली स्प्रिंग असते.

तळाचा अॅलन बोल्ट हा सगळ्यांना छळणारा भाग. बोल्ट फिरतो, त्याच्याबरोबर आतला डॅम्पर रॉडही फिरतो आणि बोल्ट बाहेर येतच नाही. म्हणून स्प्रिंग आणि कॅप आत असतानाच, फोर्क दाबून धरून हा बोल्ट सैल करा. स्प्रिंगेच्या दाबाने रॉड जागेवर राहतो. माझा डावा असा सुटला. उजव्यात थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) घट्ट बसला होता. हीटगनने बोल्टचं डोकं तापवलं, अॅलन की हातोडीने पूर्ण आत बसवली आणि इम्पॅक्ट रेंचचा छोटा झटका दिला. अर्धवट बसलेल्या कीने जोर लावलात तर डोकं गोल होईल, मग ड्रिल करण्यावाचून इलाज नाही.

तेल मापात काढा. डाव्यातून 298 मिलिलिटर आलं, उजव्यातून 341. डावा सील झिरपत होता हे त्यावरूनच नक्की झालं. तेल राखाडी, पेन्सिलच्या पुडीसारखी चमक असलेलं. ती पूड बॉटमच्या (फोर्कच्या खालच्या बाहेरच्या नळीच्या) अॅल्युमिनियमची आणि बुशच्या थराची. वापरलेलं तेल डब्यात भरून जुनं इंजिन ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या.

डस्ट सील आणि सर्कलिप काढून पाइप बाहेरच्या दिशेने झटके देत ओढला की बुशच सीलला ढकलत बाहेर आणतो. बुशच्या आतल्या राखाडी थराखाली तांबं दिसायला लागलं आणि ते पाऊण पृष्ठभागाहून जास्त दिसत असेल तर बुश संपला. माझे चारपैकी तीन तसे होते, बदलले चारही. पाइप व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजखाली फिरवले. मर्यादा 0.20 मिलिमीटर, माझे 0.05 आणि 0.08. डाव्या पाइपवर सील फिरतो त्या भागात तीळाएवढा गंजाचा खड्डा होता. नखाला लागेल असा उंचवटा 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून, पाइपच्या घेराभोवती घासून घालवला. लांबीच्या दिशेने घासू नका, त्या रेघांमधून तेल वर चढतं. खड्ड्यात इपॉक्सी भरून पुन्हा सपाट केलं. असे चार-पाच खड्डे असते तर मात्र पाइप बदलला असता किंवा हार्ड क्रोमला दिला असता.

बदलून येणाऱ्या सीलची वाट बघत चौथ्या आठवड्यात डॅम्पर रॉडला भोकं पाडली. एम्युलेटर काम करायचा तर रॉडच्या खालच्या बाजूची कॉम्प्रेशनची (फोर्क दबतानाची) भोकं आड येता कामा नयेत. म्हणून तिथे 8 मिलिमीटरची एकूण सहा भोकं, तीन जोड्यांमध्ये, प्रत्येक जोडी आधीच्या जोडीशी 90 अंशात आणि 10 मिलिमीटर अंतरावर. वरच्या टोकाजवळची बारीक भोकं रिबाउंडची असतात, त्यांना स्पर्शही करायचा नाही. आतली-बाहेरची धार गोल कानशीने पूर्ण काढली, रॉड दोनदा धुतला, कॉम्प्रेसरची हवा मारली. धातूचा एक कीस आत राहिला तर तो नव्या बुशमध्ये रुतून पाइपला कायमची रेघ पाडतो. एम्युलेटरच्या झडपेच्या स्प्रिंगला दोन फेरे दिले.

तेल निवडताना बाटलीवरचं 10W किंवा 15W हे फक्त सुमारे असतं. एका कंपनीचं 10W दुसऱ्या कंपनीच्या 15W इतकं घट्ट असू शकतं. तांत्रिक पत्रकात 40 अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं एकक) दिलं आहे ते बघा आणि पुढच्या वेळीही त्याच आकड्याला धरून राहा. एम्युलेटर लावल्यावर कॉम्प्रेशन तो सांभाळतो, तेलाचा घट्टपणा ठरवतो तो रिबाउंड. मी 15W घेतलं.

पाचव्या आठवड्यात जोडणी. पाइपच्या धारदार टोकावर प्लास्टिकची पिशवी ओढून, तेल लावून मग सील सरकवला, छापील बाजू वर. सीलच्या ओठाला सिलिकॉन ग्रीस. ठोकायला सील ड्रायव्हर नसेल तर योग्य व्यासाची प्लास्टिकची नळी चालते, पण तिचं टोक काटकोनात कापलेलं हवं. सर्कलिपची खाच पूर्ण घेराभोवती दिसेपर्यंत ठोकायचं. एका बाजूला खाच अर्धी दिसत असेल तर सील तिरका आहे. तळाचा बोल्ट नवा वॉशर आणि थ्रेडलॉकर लावून 20 न्यूटन-मीटर.

तेल ओतून पाइप सावकाश वीस-पंचवीस वेळा वरखाली केला, 10 मिनिटं तसाच ठेवला, पुन्हा केला. मग झडपेची स्प्रिंग वर ठेवून एम्युलेटर आत सोडला आणि तो रॉडवर सपाट बसल्याची खात्री केली. तेलाची पातळी मिलिलिटरवर ठरवू नका. फोर्क पूर्ण दाबलेला, स्प्रिंग बाहेर, अशा स्थितीत पाइपच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर मोजा. मी 140 मिलिमीटर ठेवलं, दोन्हीकडे अगदी सारखं. ही मोकळी हवा दुसऱ्या स्प्रिंगेसारखी काम करते. चालीच्या शेवटी फोर्क आपटत असेल तर पातळी 10 मिलिमीटर वर घ्या. माझ्या पाइपचा आतला व्यास 33 आहे, तिथे 10 मिलिमीटर म्हणजे फक्त साडेआठ मिलिलिटर. एवढ्याशा तेलाने शेवटच्या 30 मिलिमीटरची चाल वेगळी लागते.

स्पेसर कापताना एम्युलेटरची जाडी वजा करायला विसरू नका. पहिल्यांदा 18 मिलिमीटर प्रिलोड ठेवला.

शॉक आणि फोर्क दोन्ही बसवून सॅग मोजला आणि पुढे 11 मिलिमीटरचा फरक आला. नवे बुश, नवे सील, तरी घर्षण आधीच्या 8 पेक्षा जास्त. इथे पुन्हा फोर्क उघडायची घाई करू नका. एक्सलचा नट घट्ट केला होता आणि लगेच खालचा पिंच बोल्टही (बॉटममध्ये एक्सल आवळून धरणारा), त्यामुळे उजवा बॉटम दोन-तीन मिलिमीटर आत ओढला गेला होता आणि दोन्ही पाय समांतर राहिले नव्हते. पिंच बोल्ट आणि मडगार्डचे बोल्ट सैल केले, एक्सल घट्टच ठेवला, पुढचा ब्रेक धरून फोर्क दहा-बारा वेळा दाबला. बॉटम स्वतःची जागा शोधून एक्सलवर सरकताना डोळ्यांना दिसतो. मग पिंच बोल्ट आवळला. फरक 4 मिलिमीटरवर आला. इतक्या दिवसांच्या कामात सगळ्यात मोठा फरक या पाच मिनिटांनी पडला.

सॅग 30 भरला, हवा होता 35. स्पेसर 5 मिलिमीटरने कापला: माप 115 आणि 119, सरासरी 117, सॅग बरोबर 35. रिकाम्या गाडीचा 16. मागे कॉलर अडीच फेरे आवळली. तिथे लिंकेजमुळे कॉलरचा एक मिलिमीटर चाकापाशी साधारण अडीच मिलिमीटर होतो, म्हणून थोडं थोडं फिरवा. बसल्यावर 32, रिकामी 9. बसल्यावरचं माप बरोबर येऊनही रिकामा सॅग शून्याजवळ आला असता तर मागची स्प्रिंग मऊ ठरली असती, 20 च्या पुढे गेला असता तर जास्त कडक. 9 आल्यामुळे मागची स्प्रिंग तीच ठेवली.

सहाव्या आठवड्यात रस्त्यावर. पाइपला केबल टाय बांधला, म्हणजे फोर्क किती दबला याची खूण राहते. पुढचं टोक आता 15 मिलिमीटर उंच बसत होतं आणि हँडल वळायला जरा जड झालं होतं. फोर्क यॉकमध्ये 5 मिलिमीटर वर सरकवल्यावर ते सुटलं. हे करताना दोन्ही पाय सारखेच सरकवा आणि पूर्ण दाबल्यावर मडगार्ड कुठे घासत नाही ना ते बघा. धारदार कडेवरचा हिसका निम्म्याहून कमी झाला, पण खडबडीत रस्त्यावर हँडल अजून थरथरत होतं. एम्युलेटरचा फेरा दोनवरून दीडवर आणला. त्यासाठी कॅप उघडून लांब चिमट्याने तो बाहेर काढावा लागतो, दोन्ही पायांचं मिळून तासाभराचं काम आहे. मागचा रिबाउंड शॉपच्या 9 क्लिकवरून 11 वर आणला. एका वेळी एकच बदल करायचा, तोच रस्ता, टायरमध्ये तोच दाब.

सातव्या आठवड्यात 400 किलोमीटर झाल्यावर पुन्हा सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासले. वरच्या यॉकचा एक क्लॅम्प पाव फेरा सैल होता. डाव्या पाइपवर इपॉक्सी भरलेली जागा कोरडी आहे. केबल टाय 104 मिलिमीटरवर थांबला आहे. चालीचे शेवटचे 10 मिलिमीटर तळातला तेल कोंडणारा शंकूच्या आकाराचा भाग अडवतो, त्यामुळे 16 मिलिमीटर अजून राखीव आहेत. पातळी 140 वरच ठेवली आहे. फोर्कचं तेल 15,000 किलोमीटरला बदलायचं आणि तेव्हा सॅग, दोन्ही मापं आणि त्यांतला फरक पुन्हा लिहायचा, त्यासाठी हे सगळे आकडे सीटखाली टूलकिटमध्ये एका कागदावर ठेवले आहेत.